नाव-गाव नसलेली वार्ता

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पालघर जिल्ह्याचा मुलूख उभा कापीत जेथे वैतरणेच्या खोऱ्यात उतरतो, तेथे मनोर हे गाव वसलेले आहे. पश्चिमेस पालघर आणि बोईसर-तारापूर, पूर्वेस विक्रमगड-जव्हारची डोंगरपट्टी, आग्नेयेस वाडा-भिवंडी, अशा चहू दिशांना येथून रस्ते फुटतात. आणि जेथे रस्ते फुटतात तेथे माणसे व माल यांच्याबरोबर वार्ताही उतरते, थोडी विसावते आणि पुढच्या गावी रवाना होते, हा सर्वच नाक्याच्या गावांचा पूर्वापार अनुभव आहे. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, त्याच्या शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि वारली, मल्हार कोळी, कातकरी, वाडवळ, मांगेले यांच्या या भूमीत उत्तर प्रदेश-बिहारपासून ओडिशापर्यंतचे कामगार येऊन स्थायिक झाले. त्यामुळे आज बोईसर-मनोरच्या एखाद्या माध्यमिक शाळेतील नववीच्या वर्गात बसलेल्या मुलांच्या घरांत चार-पाच भाषांतून बातम्या येत असतात. त्या बातम्यांचे वाहन मात्र बहुतेक घरांत एकच असते, ते म्हणजे मोबाइल. आणि तो चालविण्याचे, त्यातील मजकूर वाचून दाखविण्याचे आणि पुढे पाठविण्याचे काम पुष्कळदा घरातील शिकत्या मुलाकडे असते.

या शिकत्या मुलाला खोट्या वार्तेची पारख कशी शिकवावी, हा प्रश्न इतर ठिकाणी शिक्षणशास्त्राच्या चर्चेचा विषय असेल. पालघर जिल्ह्यात तो जीवन-मरणाचा प्रश्न ठरला आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदी लागू असताना, कांदिवलीहून सुरतेकडे आपल्या गुरूंच्या अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक महामार्ग टाळून आडमार्गाने जात होते. डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, दादरा-नगर हवेलीच्या सीमेनजीक, वनखात्याच्या नाक्यापाशी जमावाने त्यांचे वाहन अडविले, आणि पोलीस येऊन पोहोचल्यानंतरही, त्यांच्या डोळ्यांदेखत, तिघांचाही जीव घेतला. त्यांपैकी एक साधू सत्तरीचा होता. रात्री-अपरात्री चोर फिरतात, मुले पळविणाऱ्या आणि शरीरातील अवयव काढून नेणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, अशी वदंता त्या आधीचे कित्येक दिवस गावोगाव पसरलेली होती आणि लोक काठ्या घेऊन रात्रीचा पहारा देत होते. दोनच दिवसांपूर्वी सारणी गावी मदतकार्यासाठी गेलेल्या एका डॉक्टरच्या वाहनावर आणि त्यांच्याबरोबरच्या पोलिसांवरही असाच हल्ला झाला होता. गडचिंचले प्रकरणी पोलिसांनी शंभरांहून अधिक लोक ताब्यात घेतले. त्यांत नऊ अल्पवयीन होते. ही नऊ मुले कोणत्या इयत्तेत शिकत होती, किंवा शिकतच होती की नव्हती, याची चर्चा फारशी कोणी केली नाही. प्रस्तुत विषयाचा आरंभबिंदू मात्र तोच आहे.

या हत्याकांडाच्या मुळाशी जी वदंता होती तिच्याकडे शांतपणे पाहिले, तर तिचे एक लक्षण ध्यानात येते. मुले पळविली जात आहेत असे सर्व जण सांगत होते. परंतु कोणाचे मूल, कोणत्या पाड्यावरचे, कोणत्या दिवशी गेले, आणि त्याची फिर्याद कोणत्या पोलीस ठाण्यात नोंदली गेली, हे कोणीच सांगत नव्हते. चार गावे पलीकडचे कोणीतरी, त्याच्या मेव्हण्याने ऐकलेले, कोणा एका बाजारात कळलेले, अशा सदैव मागे सरकणाऱ्या क्षितिजावर ती हकीकत उभी होती. खऱ्या घटनेला नाव, गाव, तारीख आणि रडणारी आई असते. अफवेला यांतले काही नसते, आणि नेमक्या या अभावामुळेच ती कोणत्याही गावात घरच्यासारखी वावरू शकते. ‘मूल कोणाचे?’ हा पाच अक्षरी प्रश्नही पुरेसा नसतो, हे खरे. पण तो न विचारला गेल्याची किंमत तीन जीवांनी मोजली, हेही तितकेच खरे.

पहिल्या अफवेने रक्त सांडले आणि त्या रक्तावर दुसरी अफवा वाढली. हत्येची चित्रफीत देशभर पसरताच तिला धार्मिक वैराचा रंग देण्यात आला. चित्रफितीतील गोंगाटात एका मुसलमान व्यक्तीचे नाव घेतले गेल्याचा दावा हिरिरीने करण्यात आला, आणि तज्ज्ञांनी व पडताळणी करणाऱ्या संस्थांनी ते शब्द ‘ओय, बस’ असे असल्याचे दाखवून दिल्यावरही तो दावा फिरत राहिला. अखेर राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून त्यांत एकही मुसलमान नसल्याचे जाहीर करावे लागले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की पहिली अफवा ज्यांनी मानली ते डोंगरातले, मोलमजुरी करणारे, शाळा अर्ध्यावर सुटलेले लोक होते. दुसरी ज्यांनी मानली त्यांत पदवीधर होते, अधिकारी होते, शहरांतील सुखवस्तू घरांत बसून दूरचित्रवाणी पाहणारे सुविद्य गृहस्थ होते.

म्हणून ‘अडाणी लोक अफवांना बळी पडतात’ हा सिद्धांत प्रथमच बाजूला ठेवला पाहिजे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात ही वार्ता एका दिवसात भारतभर, किंबहुना परदेशातील भारतीयांच्या देवालयांपर्यंत पोहोचली, तेव्हा वाटी-चमचा घेऊन रांगेत उभे राहिलेल्यांत अशिक्षित किती आणि पदवीधर किती, हे मुंबई-पुण्याच्या रहिवाशांना चांगले आठवत असेल. द्रवाचा पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे दूध चमच्यातून ओढले जाऊन मूर्तीवरून खाली ओघळते, हा खुलासा शास्त्रज्ञांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी प्रयोगासह केला, पण तोवर दूध संपले होते. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबईतील माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याच्या वार्तेने हजारो लोक ते दूषित पाणी पिण्यास आणि बाटल्यांतून घरी नेण्यास धावले. २०२० च्या आरंभी कोंबडीच्या मांसातून करोना होतो या निराधार संदेशाने राज्यातील कुक्कुटपालकांचा धंदा पार बसविला; पशुसंवर्धन खात्याचे खुलासे संदेशांच्या मागून लंगडत येत राहिले.

आणि ज्यांना आपण सहज भोळे म्हणतो त्या वारल्यांचा इतिहास तर उलटच साक्ष देतो. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर तलवाड्यास येणार आहेत, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांवर फिरविण्यात आला. हजारो वारली तेथे जमले, त्यांच्यावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. हा निरोप जमीनदारांच्या पक्षाने पेरला होता, अशी हकीकत या चळवळीच्या बाजूने नोंदली गेली आहे. गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा या लढ्याचा वृत्तांत १९७२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरविला गेला. त्या खोट्या निरोपाला ना दूरध्वनी लागला, ना छायाचित्र. केवळ विश्वासातल्या नावाचा गैरवापर पुरेसा झाला. या प्रसंगातून विद्यार्थ्यास शिकण्याजोगे सूत्र असे की खोटी वार्ता दर वेळी चुकून जन्मत नाही. पुष्कळदा तिच्यामागे कोणाचा तरी लाभ असतो, आणि तो लाभ कोणाचा, हे विचारल्यावाचून वार्तेची चौकशी पुरी होत नाही.

मूल पळविणाऱ्या टोळीच्या अफवेची उत्पत्ती कशी होते, याचा माग २०१८ साली चांगला लागला. त्या वर्षी १ जुलै रोजी, रविवारच्या आठवडे बाजारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. पिढ्यान् पिढ्या भिक्षा मागत भटकणारी ही माणसे. त्यांतील एकाने बाजारात एका लहान मुलीशी बोलणे एवढाच त्यांचा अपराध. त्या काळी देशभर जी चित्रफीत फिरत होती, तिच्यात दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या एका मुलाला उचलून पळतात असे दिसे. ती पाकिस्तानात कराचीतील एका बालसुरक्षा संस्थेने लोकजागृतीसाठी तयार केलेली होती. मूळ चित्रफितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मूल पळवायला एक क्षणही पुरतो अशा आशयाचा फलक दाखवितात. हा शेवट कोणीतरी कापून टाकला आणि जागृतीचे साधन दहशतीचे साधन झाले. सीरियामध्ये २०१३ साली विषारी वायूच्या हल्ल्यात मरण पावलेल्या बालकांची छायाचित्रेही अवयवचोरीचा पुरावा म्हणून अशाच रीतीने फिरविली गेली. म्हणजे चित्र खरे होते, मृत्यू खरे होते, खोटा होता तो केवळ खालचा मजकूर. किशोरवयीन मुलांना हे स्पष्ट करून सांगणे अगत्याचे आहे. कारण खोटी बातमी म्हणजे संगणकावर बनविलेले बनावट चित्र, अशीच त्यांची समजूत असते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने हुबेहूब चेहरे व आवाज घडविता येऊ लागल्यापासून ती अधिकच दृढ झाली आहे. प्रत्यक्षात जुने, परमुलखातील, पण अस्सल चित्र नव्या संदर्भात बसविणे हा सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत प्रचलित मार्ग आहे.

मानवी मन अशा मजकुरापुढे इतके दुबळे का ठरते, याविषयी मानसशास्त्राने बरेच काही सांगितले आहे. १९७७ साली अमेरिकेतील हॅशर, गोल्डस्टाइन आणि टोपिनो या संशोधकांनी विद्यार्थ्यांपुढे काही विधाने काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा मांडली, तेव्हा असे आढळले की विधान खरे असो वा खोटे, ते पुन्हा कानी पडले की अधिक खरे वाटू लागते. गटागटांतून एकच संदेश पाच ठिकाणांहून येतो तेव्हा आपल्याला पाच साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. वस्तुतः तो एकाच अज्ञात तोंडाचा पाच वेळा उमटलेला प्रतिध्वनी असतो. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या व्होसुघी, रॉय आणि अराल यांच्या अभ्यासात ट्विटरवरील सुमारे १ लाख २६ हजार वार्तांचा प्रवास तपासला गेला. खोटी वार्ता पुढे पाठविली जाण्याचा संभव खरीपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी अधिक होता, आणि १,५०० माणसांपर्यंत पोहोचण्यास सत्याला असत्याच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. खोट्या वार्तेत नावीन्य असते, ती विस्मय आणि किळस जागविते. खरी वार्ता बहुधा नीरस असते. त्यात भय मिसळले म्हणजे विचारशक्तीचा उरलासुरला अंमलही संपतो. मुलाच्या जिवाची भीती ही सर्व भयांत प्राथमिक असल्याने तिच्याविषयीची अफवा वर्षानुवर्षे परतून येते. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात लवंगा येथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली, ती गडचिंचलेची वार्ता सर्वांना ठाऊक असताना.

उपाय झाले नाहीत असे नाही. राईनपाड्याच्या घटनेनंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयी विस्तृत आदेश देऊन प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्यास सांगितले. व्हॉट्सॲप कंपनीने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास प्रारंभ केला, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठविता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार ढकलल्या गेलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. योगायोग असा की गडचिंचलेची घटना याच महिन्यातली; त्या मर्यादेने ती टळली नाही. कारण यंत्राला घातलेली मर्यादा तोंडाला लागू होत नाही, आणि एकदा पाड्यावर पोहोचलेली वार्ता पुढे विहिरीवर, पारावर, पहाऱ्याच्या शेकोटीभोवती आपल्या पायांनी चालते. शासनाने स्वतः सत्यासत्याचा निवाडा करावा, हाही मार्ग आजमावला गेला. केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरविण्याचा अधिकार शासनाच्याच तथ्यतपासणी कक्षास देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयात आव्हानित झाली, दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या निर्णयानंतर ती रद्दबातल ठरली. ज्याच्याविषयी वाद आहे त्यानेच न्यायासनावर बसू नये, हे तत्त्व त्यात राखले गेले हे इष्टच झाले. परंतु त्याचा अर्थ असाही होतो की शहानिशा करण्याचे ओझे अखेर नागरिकाच्याच शिरावर आहे, आणि नागरिक घडविण्याचे ठिकाण शाळा हेच आहे.

शाळेत हे शिकविता येते काय, याचे उत्तर पूर्वग्रहाने न देता प्रयोगाने द्यावे लागते, आणि सुदैवाने असे प्रयोग भारतात झाले आहेत. केरळातील कण्णूर जिल्ह्यात २०१८ साली तत्कालीन जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी ‘सत्यमेव जयते’ या नावाने सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्यांच्या ओळखीचे तास सुरू केले. गोवर-रुबेलाच्या लसीविषयी पसरलेल्या अफवांमुळे लसीकरण मंदावल्याचा कटू अनुभव त्यामागे होता. पुढच्या वर्षी, २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी, सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेने बिहारमध्ये बाराशेहून अधिक प्रौढांना घरी जाऊन सुमारे तासभराचे प्रशिक्षण दिले आणि नंतर त्यांची पारख तपासली. सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. एका तासाच्या उपदेशाने प्रौढांचे ग्रह हलत नाहीत, हा निष्कर्ष निराशाजनक होता, पण निरुपयोगी नव्हता. कारण त्याच संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांसह पुढे बिहारमध्येच, राज्य शासनाच्या ‘जीविका’ या यंत्रणेच्या ग्रंथालयांतून, ५८३ गावांतील तेरा हजारांहून अधिक किशोरवयीन विद्यार्थ्यांवर निराळा प्रयोग केला. यावेळी वय तेरा ते अठरा, अवधी चौदा आठवड्यांचा, वर्ग प्रत्यक्ष, शिक्षक समोर, आणि पाठ आरोग्यविषयक खोट्या माहितीचे. परिणाम ठळक आला: मुलांना खऱ्या-खोट्याचा भेद अधिक चांगला करता येऊ लागला, चार महिन्यांनंतरही तो टिकून होता, आरोग्याविषयी शिकलेली परीक्षा ती राजकीय बातम्यांनाही लावू लागली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांना कोणी काही शिकविले नव्हते त्या पालकांच्या पारखीतही सुधारणा दिसली. मनोर-बोईसरच्या घरांत जेथे मुलगाच बापाला संदेश वाचून दाखवितो, तेथे या शेवटच्या निष्कर्षाचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको.

आता शिकवावयाचे ते नेमके काय? येथे एका प्रचलित भ्रमाचा निरास करणे आवश्यक आहे. मजकुराकडे टक लावून पाहिले, त्याची भाषा, मांडणी, शुद्धलेखन तपासले, म्हणजे खरे-खोटे कळते, असे पुष्कळ शिक्षकांस वाटते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, त्याच विद्यापीठाचे हुशार विद्यार्थी आणि व्यवसायाने तथ्यतपासणी करणारे पत्रकार अशा तीन गटांना अनोळखी संकेतस्थळे पारखावयास दिली, तेव्हा प्राध्यापक आणि विद्यार्थी त्या पानावरच वर-खाली वाचत बसले आणि सुबक रूपाला फसले. पत्रकारांनी मात्र ते पान क्षणात सोडले आणि हे लिहिणारा कोण, याविषयी इतरत्र काय म्हटले आहे, ते प्रथम पाहिले. म्हणजे मजकूर काय म्हणतो याआधी तो म्हणणारा कोण, ही चौकशी. आपल्या न्यायशास्त्राला हा विचार अपरिचित नाही. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला नैयायिकांनी शब्द हेही प्रमाण मानले, पण कोणाचाही शब्द नव्हे. ज्याला ती वस्तू स्वतः ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो, अशा आप्ताचाच शब्द. ज्ञान आणि सचोटी या दोन अटी ज्याच्या ठायी तपासता येत नाहीत, त्याचे बोलणे प्रमाण होत नाही. पुढे ढकललेल्या संदेशाचा मूळ वक्ताच अज्ञात असल्याने या कसोटीवर तो प्रारंभीच बाद होतो; पाठविणारा काका किंवा मामा कितीही सत्यवचनी असला तरी तो त्या घटनेचा साक्षीदार नसतो, केवळ हरकारा असतो.

वर्गात मात्र तर्कशास्त्राची परिभाषा नेण्याचे कारण नाही. ग्रामीण विद्यार्थ्याच्या घरी ज्ञात असलेला एक जुना सरकारी शिरस्ता येथे उत्तम उपयोगी पडतो, तो म्हणजे पंचनामा. वादळात घराचे पत्रे उडाले किंवा अवकाळी पावसाने भात झोपले, म्हणजे तलाठी येऊन जागा, तारीख, वेळ, नुकसानीचे वर्णन आणि पंचांच्या सह्या असल्यावाचून कागद पुढे सरकवीत नाही. तसाच संदेशाचा पंचनामा करावयास मुलांना लावावे. घटना कोठे घडली आणि त्या ठिकाणचे नाव दिले आहे काय? कोणत्या दिवशी? सांगणारा तेथे हजर होता काय? दुसऱ्या, पहिल्याशी संबंध नसलेल्या कोणी ती नोंदली आहे काय? आणि ही वार्ता मानल्याने कोणाचा लाभ, कोणाची हानी? या पाच रकान्यांतील जे रिकामे राहतील, तेच संदेशाचे खरे मूल्य सांगतात. चित्र असेल तर ते चित्रशोधाच्या साधनात घालून जुनी आवृत्ती सापडते काय ते पाहावे. दुकानांच्या पाट्यांवरील लिपी, गाड्यांचे क्रमांक, माणसांचे पोशाख, पावसाळा की उन्हाळा, यांवरून स्थळकाळाचा तर्क करावा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे काम गुप्तहेराच्या कथेइतके रंजक वाटते, आणि हा रस हेच शिक्षकाचे भांडवल आहे.

उदाहरणे दूरची नकोत, याच मातीतली हवीत. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसले. अशा समयी ‘आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का बसणार’ असा संदेश आला तर काय करावे? येथे विज्ञानाचा शिक्षक सांगू शकेल की भूकंपाची तारीख आणि वेळ आधी वर्तविण्याची विद्या जगात कोणाकडेही नाही. तस्मात असा संदेश कोणत्याही शास्त्रज्ञाच्या नावाने आला तरी तो खोटाच समजावा. मात्र घराबाहेर निजण्याची, भिंतींना आधार देण्याची सूचना जिल्हा प्रशासनाकडून आली, तर ती पाळावी. कारण पूर्वसूचना आणि पूर्वकाळजी या भिन्न गोष्टी आहेत. तारापूरच्या कारखान्यात स्फोट झाला, वायू सुटला, अशी ध्वनिफीत आली तर? औद्योगिक वसाहतीत असे अपघात प्रत्यक्ष घडतात, म्हणून येथे ‘सर्व खोटे’ असे म्हणून चालणार नाही. कोणता कारखाना, कोणता भूखंड, अग्निशमन दल व पोलीस काय सांगतात, हे आधी विचारावे, आणि चौकशी होईपर्यंत संदेश पुढे पाठवू नये. न पाठविण्याने कोणाचे नुकसान क्वचितच होते, पाठविण्याने मात्र होऊ शकते, हा व्यवहाराचा नियम मुलांना पटविला तर निम्मे काम झाले.

या शिक्षणात एक धोका आहे आणि तो लहान नाही. खोट्याची पारख शिकविता शिकविता मुलांना सर्वच गोष्टींवर अविश्वास ठेवण्याची सवय लागली, तर औषधापेक्षा रोग बरा म्हणण्याची पाळी येईल. ज्याला कशावरच विश्वास ठेवता येत नाही तो विवेकी होत नाही, तो सोयीचे तेवढे मानू लागतो. लसीवरही शंका आणि हवामानखात्याच्या इशाऱ्यावरही शंका, पण आपल्या पंथाच्या पुढाऱ्यावर मात्र अढळ श्रद्धा, अशी त्याची स्थिती होते. म्हणून पाठात खोट्या बातम्यांइतक्याच खऱ्या बातम्याही असल्या पाहिजेत, आणि विद्यार्थ्याला गुण मिळावेत ते दोन्ही ओळखण्याबद्दल. वर्तमानपत्राने चूक केल्यावर खुलासा छापला तर तो त्याच्या विश्वसनीयतेचा दाखला मानावा, दोषाचा नव्हे, हेही सांगावे. आणखी एक नाजूक बाब वडीलधाऱ्यांची. घरातील आजोबांनी पाठविलेला संदेश खोटा आहे असे चारचौघांच्या गटात जाहीर करणारा नातू बरोबर असूनही पराभूत होतो. ‘आजोबा, हे कोणत्या गावचे आहे हो, तुम्हांला काही कळले काय?’ असे एकांतात विचारणारा नातू त्यांना स्वतःच विचार करण्याची संधी देतो, आणि त्यांचा मानही राखतो. आश्रमशाळेतील मुलगी सुटीत पाड्यावर जाते तेव्हा तिने हाच प्रश्न वारलीत, आपल्या आजीला विचारावा. शाळेच्या मराठीत दिलेल्या व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

हे सर्व कोणत्या तासाला करावे, अशी शिक्षकांची रास्त अडचण असते. निराळ्या विषयाची गरज नाही. मराठीच्या तासाला बातमीलेखन आहेच, इतिहासाच्या तासाला साधनांची चिकित्सा आहे, गणितात टक्केवारी आणि आलेख आहेत, विज्ञानात प्रयोग आहेत. पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापलेल्या नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ५१ क मध्ये, वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे कर्तव्य नमूद आहे. ते पान वर्षानुवर्षे उलटले जाते. त्याचा अभ्यासक्रम कोणी केलेला नाही. मात्र बिहारच्या दोन प्रयोगांनी शिकविलेला धडा विसरता कामा नये: एका दिवसाची कार्यशाळा, छायाचित्र आणि आभारप्रदर्शन यांनी काही साधत नाही, आठवड्यामागून आठवडा, तोच सराव, हाच मार्ग.

राईनपाड्याच्या घटनेच्याच दिवशी मालेगावात याच संशयावरून पाच जणांना जमावाने घेरले होते. तेथील एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात आश्रय दिला आणि पोलिसांनी त्यांची सुटका केली. असे धैर्य वंदनीय आहे, पण त्याच्यावर समाजाची व्यवस्था उभारता येत नाही. हजार-दीड हजारांच्या उसळलेल्या जमावापुढे पंधरा वर्षांच्या मुलाने उभे राहून पुरावा मागावा, अशी अपेक्षा करणे हे क्रौर्य होईल. गडचिंचलेच्या त्या रात्री, वाहन अडविल्यानंतर, प्रश्न विचारण्याची वेळ टळून गेली होती. ती वेळ होती त्याआधीच्या आठ-पंधरा दिवसांत, जेव्हा तीच वदंता दिवसाउजेडी, ओटीवर, दुकानापुढे, मोबाइलच्या पडद्यावर, थंड डोक्याने ऐकली आणि पुढे दिली जात होती. तेव्हा प्रत्येक पाड्यावर ‘मूल कोणाचे, गाव कोणते, फिर्याद कोठे?’ असे सहज विचारणारी दोन-चार शिकती मुले असती, तर पहारा बसलाही असता, पण पहारेकऱ्यांच्या मनातील खात्री डळमळली असती, आणि डळमळलेल्या खात्रीने माणूस मारला जात नाही. शाळेने द्यावयाचे ते एवढेच: योग्य वेळी, विनाकष्ट, सवयीने तोंडी येणारा प्रश्न. मनोरच्या नाक्यावरून वार्ता जातच राहणार. तिचे नाव-गाव विचारणारी पिढी त्याच नाक्यावर तयार करणे हे तेथील शिक्षकाच्या हाती आहे.